आम्ही गावाला गेलो नव्हतो

धनत्रयोदशीच्या सकाळी पप्पांनी घराला बाहेरून कुलूप लावलं, वळसा घालून मागच्या बोळात आले आणि न्हाणीच्या दारानं आत शिरले. मग ते दारही त्यांनी आतून लावलं, खिडकी ओढून घेतली आणि आम्हा दोघी बहिणींना समोर बसवलं.

"चार दिवस मोठ्यानं बोलायचं नाय. कुणी हाक मारली तर ओ द्यायची नाय. आपण गावाला गेलोत."

मी तेव्हा सातवीत होते. धाकटी बालवाडीत जायची. ती म्हणाली, "पण आपण तर इथंच हाव."

"हाव," पप्पा म्हणाले. "पण गेलोत."

आई कोपऱ्यात जवारी निवडत बसली होती. तिनं मान वर केली नाही. ती हो म्हणाली नव्हती आणि नाहीही म्हणाली नव्हती. मला वाटलं, तिलाही हे पटलंय.

बजाजनगरात आमचं दोन खोल्यांचं घर होतं, एकाला एक चिकटलेल्या घरांच्या रांगेत. पप्पा वाळूजच्या एका कंपनीत मशीनवर होते. जूनमध्ये कंपनीला टाळं लागलं. आठ दिवसांत उघडेल म्हणता म्हणता गणपती गेले, दसरा गेला. पप्पा रोज सकाळी डबा घेऊन गेटवर जायचे, तिथल्या लिंबाखाली बसलेल्या माणसांत बसायचे आणि दुपारी तोच डबा खाऊन परत यायचे. गॅसची टाकी संपली ती परत आलीच नाही. स्टोव्ह निघाला.

दिवाळीला आम्ही दरवर्षी गावी जायचो, कन्नडच्या पुढं. त्याआधी एक अख्खा दिवस शहरातल्या शहागंजच्या बाजारात. सिटी बसनं जायचं, दुकानामागून दुकानं हिंडायची, आईनं कपड्याच्या दुकानदाराशी अर्धं मराठी अर्धं हिंदी बोलत भाव पाडायचा, आजीला लुगडं, आत्याला साडी, चुलत्यांच्या पोरांना फटाके. गावात एस.टी.तून उतरलं की पोरं पिशव्या धरायला पळत यायची. आमच्या गावातून कंपनीत लागलेले पप्पा पहिले. त्यांच्या पिशव्यांकडं गाव बघायचं, आणि त्यांनाही ते आवडायचं. खोटं कशाला सांगू.

त्या वर्षी त्यांनी गावाला निरोप धाडला की ओव्हरटाईम लागलाय, यायला जमत नाही. गावाला वाटत होतं आम्ही बजाजनगरात आहोत, बजाजनगरला वाटत होतं आम्ही गावात आहोत. म्हणजे त्या दिवशी आम्ही कुठंच नव्हतो.

दिवस सरता सरेना. स्टोव्हचा आवाज बाहेर जाईल म्हणून तो पेटवायचा नाही. सकाळीच करून ठेवलेली भाकरी आणि तेल-तिखट खाल्लं. बाहेर बायका सडा घालत होत्या, रांगोळीच्या रंगांवरून पोरींची भांडणं चालली होती. शेजारच्या घरात चकल्या तळायला घेतल्या तेव्हा वास भिंतीतून यावा तसा आला. धाकटीनं नाक वर करून हुंगलं आणि माझ्याकडं बघितलं. मी तिच्या तोंडावर हात ठेवला.

संध्याकाळी दिवेलागणीला गल्लीतल्या पोरी दारात आल्या. त्यांनी कडी वाजवली, मला हाक मारली. मग त्यांच्यातली एक म्हणाली, "कुलूप आहे ना गं, दिसत नाही का? गावाला गेलेत ते."

आणि आतून, अंधारातून, आमची धाकटी जीव तोडून ओरडली, "नाय गेलो! आमी हितंच हाव!"

बाहेर कुणीतरी फिसकन हसलं आणि सगळ्या पळाल्या.

पप्पा उठले. त्यांनी धाकटीवर आजवर कधी हात उगारला नव्हता, त्या दिवशी उगारला. आईनं तो वरच्या वर धरला. धरूनच ठेवला.

"तिला कामून मारता? खरं बोलली म्हणून?"

"सगळ्या गल्लीत हसू होईल आता."

"होऊ द्या," आई म्हणाली. "सकाळपासून बघायलेय मी. लेकरांनी काय चोरी केली का तुम्ही केली? कंपनीनं टाळं लावलं ते लावलं. त्यांनी लावलं म्हणून म्या बी माज्या घराला लावू व्हय?"

खुंटीवर त्यांचा शर्ट होता. आईनं त्याच्या खिशातून किल्ली काढली, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि न्हाणीच्या दारानं बाहेर पडली. मी तिच्या मागं. बोळातून वळसा घालून आम्ही समोर आलो तेव्हा गल्लीतले सगळे दिवे लागलेले होते आणि बायका आपापल्या ओट्यावर उभ्या होत्या. आमचाच तेवढा ओटा काळा.

समोरच्या काकूंनी विचारलंच. त्यांचे मिस्टर दुसऱ्या एका कंपनीत सुपरवायझर होते. गल्लीत फ्रिज त्यांच्याकडं पहिला आला होता. "अहो, तुम्ही गावाला गेला होतात ना?"

आई कुलुपात किल्ली घालत म्हणाली, "नाय हो. कुलूप लावून आत बसलो होतो. पाच महिने पगार नाय, फराळ करायला काय नाय, म्हणून लपलो होतो. आता नाय लपत."

एवढं मोठ्यानं कशाला सांगायचं, असं मला झालं. पायाखालची फरशी फाटावी आणि आपण आत जावं, असं. पण आईचा आवाज जराही हलला नव्हता. कडी काढून तिनं दोन्ही कवाडं भिंतीला टेकतील इतकी उघडली.

रांगोळी नव्हती. ज्या चुलीवर आंघोळीचं पाणी तापवायचो तिची राख तिनं चाळून घेतली, मागच्या बांधकामावरचा विटेचा तुकडा मला कुटायला लावला, आणि पांढरट-तांबड्या रंगात दारापुढं असं मोठं कमळ काढलं की येणाऱ्या-जाणाऱ्याला ओलांडून जावं लागे. पणत्या कणकेच्या केल्या. रेशनचं पामतेल थंडीनं थिजलेलं, ते वाटीत कोमट करून घातलं. दिवे तडतडले, धूर झाला, पण लागले. धाकटी प्रत्येक दिव्याजवळ जाऊन "हितंच हाव" म्हणत होती. तिचं आता तेच गाणं झालं होतं.

पप्पा आतच बसून होते. आई त्यांच्याजवळ गेली आणि म्हणाली, "तुमचे दोन ड्रेस आहेत ना कंपनीचे, त्यातला एक द्या."

"कशाला?"

"पोरींना फ्रॉक शिवते."

पप्पांनी तिच्याकडं असं बघितलं, जणू ती त्यांचा हातच तोडून मागते आहे. "तो अंगावर घालून मला परत जायचंय."

"म्हणून तर एक ठेवते. दोन घालून कोण जातंय?"

आमच्या घरी पायाची शिलाई मशीन होती, आई गल्लीतल्या बायकांच्या साड्यांना फॉल लावून द्यायची. तिनं तो निळसर राखाडी ड्रेस जमिनीवर पसरला. शर्टाच्या खिशावर लाल दोऱ्यानं कंपनीचं नाव काढलेलं होतं. ती एकेक टाका ब्लेडनं उसवत बसली. नाव गेलं, पण सुईच्या बारीक भोकांवरून ते अजून वाचता येत होतं. मी म्हणाले, तो भाग नको घेऊस. ती म्हणाली, "कापड पुरत नाय. आणि दिसलं तर दिसू दे, फुकट नाय मिळालं ते." पॅन्टचे पाय माझ्या फ्रॉकला लागले, शर्ट धाकटीला. गळ्याला तिनं जुन्या साडीचा पिवळा काठ लावला.

नरक चतुर्दशीला सकाळी आंघोळी झाल्यावर आम्ही ते फ्रॉक घातले. कापड जाड, ताठ, अंगाला टोचणारं. पप्पांनी आम्हाला बघितलं आणि तोंड फिरवलं. मग पुन्हा बघितलं. धाकटीला जवळ घेऊन तिच्या छातीवरच्या त्या भोकांवर त्यांनी अंगठा फिरवला.

फराळाचं काय करायचं हे आईनं आदल्याच दिवशी ठरवलं असावं. मैदा नाही, रवा नाही, डाळीचं पीठ नाही. गावाकडची जवारी पोतंभर होती, थोडे गहू होते, गूळ होता, मूठभर तीळ होते. तिनं कढईत जवारी भाजून लाह्या फोडल्या, त्यांना मीठ-मिरची-हळदीची फोडणी दिली. गूळ-कणकेच्या कापण्या केल्या, ज्या आमच्याकडं आषाढात करतात. आणि तव्यावर धपाटे लावले, सोबत हिरव्या मिरचीचा ठेचा. स्टोव्ह भरभर आवाज करत होता. दार सताड उघडं होतं.

दहाच्या सुमाराला समोरच्या काकू ताट घेऊन आल्या. वर विणलेला रुमाल. लाडू, करंज्या, चकल्या, अनारसे. दिवाळीत ताटं सगळ्या गल्लीत फिरायची, त्यात काही विशेष नव्हतं. पण काकू दारातच थांबल्या, आवाज बारीक करून म्हणाल्या, "आणि हो, हे ताट परत भरून द्यायचं नाही बरं का. रिकामंच द्या. तुमचं आता सगळ्यांना माहितीये."

त्या वाईट नव्हत्या. आज मला ते कळतं. त्यांना खरंच वाटलं असेल की आपण ओझं उतरवतोय. पण त्या वाक्यानं पप्पा उठून मागं न्हाणीत गेले आणि तांब्यातलं पाणी उगाच तोंडावर मारत राहिले, ते मला दिसलं.

आई म्हणाली, "बरं." ताट घेतलं. फराळ आमच्या परातीत काढला. धाकटीच्या हातावर एक अनारसा ठेवला. मग ते ताट घासलं, पुसलं, त्यात चार धपाटे घातले, एका बाजूला कापण्या, एका बाजूला लाह्यांचा चिवडा, मधे ठेच्याची वाटी. वर तोच रुमाल.

"जा, देऊन ये."

मी हललेच नाही. "आई, दिवाळीला धपाटे कोण देतं?"

"आपण देतो."

"पण त्या म्हणाल्या ना, रिकामं द्या."

"त्या म्हणाल्या. मी कुठं म्हणाले?"

गल्ली म्हणजे वीस पावलं. मी ती पार करेपर्यंत घामाघूम झाले. अंगात कंपनीच्या ड्रेसचा फ्रॉक, हातात धपाटे. मधेच मनात आलं की बोळात जाऊन हे सगळं टाकून द्यावं आणि रिकामं ताट द्यावं. आईला कळलंही नसतं. मी थांबलेसुद्धा. मागं वळून बघितलं तर आई ओट्यावर उभी होती, कमरेवर हात ठेवून, माझ्याकडं नाही तर समोरच्या दाराकडं बघत.

काकूंनी रुमाल उचलून बघितला. "अगं, मी सांगितलं होतं ना आईला..." त्यांची नजर ताटावरून माझ्या फ्रॉकवर आली. कापड त्यांनी ओळखलं.

कुठून बळ आलं कोण जाणे. मी म्हणाले, "दिवाळीचं ताट आमच्याकडून रिकामं जात नसतं, काकू." हे आईनं सांगितलेलं नव्हतं. माझं मीच बोलले.

काकूंनी रुमाल पुन्हा वर झाकला. मग ताट घेऊन आत गेल्या. धपाटे त्यांनी खाल्ले की कामवाल्या बाईला दिले, ते मला आजपर्यंत माहीत नाही आणि विचारावंसंही वाटलं नाही. परत येताना मी चालत नव्हते, पळत होते, आणि फ्रॉक आता टोचत नव्हता.

आईला त्या दिवशी जणू चढलंच होतं. जी घरं ताट पाठवतील त्यांना परत द्यायचं, एवढ्यावर ती थांबली नाही. ज्यांनी पाठवलं नव्हतं त्यांच्याकडंही आमचे धपाटे जाऊ लागले. दुपारी ती स्वतः निघाली, मी सोबत. गल्लीच्या टोकाला एक घर होतं, त्या घरचा माणूस पप्पांच्याच कंपनीत, पप्पांच्याच खात्यात. दाराला कुलूप. आई परत फिरणार तेवढ्यात थांबली. बोळातल्या नालीकडं बघत राहिली. त्या घराच्या न्हाणीतून साबणाचं पाणी येत होतं.

गावाला गेलेल्या माणसांच्या न्हाणीतून साबणाचं पाणी कसं येईल?

आई मागच्या दाराशी गेली. कडी वाजवली नाही. दाराला तोंड लावून हळू म्हणाली, "वहिनी, मी समोरच्या रांगेतली. काल आमच्या बी दाराला असंच कुलूप होतं. उघडा."

आतून काही नाही. कुणीतरी श्वास धरल्यासारखं.

"सगळ्या गल्लीला माहीत झालंय आमचं. काही झालं नाय. आभाळ नाय कोसळलं. उघडा."

बऱ्याच वेळानं कडी सरकली. आत ती बाई, तिच्या कडेवर तान्हं पोर, मागं अंधारात तिचा नवरा भिंतीकडं तोंड करून. बाईनं ताट बघितलं आणि तिचे डोळे भरले. म्हणाली, "वहिनी, आमच्याकडं परत घालायला काहीच नाय हो."

"तांब्याभर पाणी दे. तहान लागलीय."

त्या बाईनं पाणी आणलं. मग पुन्हा आत गेली आणि डब्यातला गुळाचा खडा शोधून आणला. आईनं तो खाल्ला, पाणी प्यायली आणि म्हणाली, "फिटलं. आता किल्ली दे, पुढच्या दाराचं कुलूप मी काढते."

लक्ष्मीपूजनाला त्या घरापुढंही राखेची रांगोळी होती. ते नवरा-बायको आमच्याकडं आले. साळीच्या लाह्यांऐवजी जवारीच्या लाह्या देवीपुढं ठेवल्या. आईनं हात जोडून म्हटलं, "तुला चालत नसंल तर पुढल्या घरी जा." पप्पा खूप दिवसांनी हसले. भीत भीत, पण हसले.

पाडव्याला ते सकाळीच एसटीडी बूथवर गेले, मला घेऊन. गावात फोन किराणा दुकानात होता. त्यांनी आत्याला बोलावणं पाठवलं आणि दहा मिनिटांनी परत फोन लावला. काचेच्या त्या खोक्यात मी त्यांच्या पोटाशी उभी होते, म्हणून आत्याचा आवाज मलाही ऐकू येत होता.

"ताई, ओव्हरटाईम नाय. कंपनी बंद आहे, जूनपासून."

पप्पांनी मीटरवरच्या पळत्या आकड्यांकडं बघितलं.

"उद्या भाऊबीज. ओवाळणीत घालायला माझ्याकडं काय नाय. म्हणून आलो नाय."

मग आत्या अशी ओरडली की पप्पांनी रिसीव्हर कानापासून लांब धरला. "ओवाळणीसाठी बोलावतीय व्हय मी तुला? पाच महिने उपाशी बसलास आन् मला सांगितलं नाय? मी कोण हाय तुझी?"

दुसऱ्या दिवशी दुपारी ती स्वतःच आली, एस.टी. बदलून, डोक्यावर भुईमुगाच्या शेंगांचं बोचकं. बहिणीनं भावाकडं येऊन ओवाळायचं, हे आमच्याकडं कधी झालं नव्हतं. तिनं पप्पांना पाटावर बसवलं. ओवाळलं. तबक पुढं धरलं तेव्हा पप्पा खिसे चाचपायला लागले, सवयीनं. आत्यानं त्यांचा हात धरून खाली केला आणि म्हणाली, "बोल, परत माझ्याशी खोटं बोलणार नाय. तेवढंच घाल." पप्पांनी तबकावर हात ठेवून शब्द दिला. या वेळी त्यांनी तोंड फिरवलं नाही.

कंपनी उघडली नाही. पुढंही नाही. त्यानंतर काही वर्षांनी पप्पांना गारखेड्यात एका हार्डवेअरच्या दुकानात कायमचं काम मिळालं आणि आम्ही तिकडं राहायला गेलो. पण त्याआधी, भाऊबीजेनंतरच्या आठवड्यातच, त्यांनी भाड्यानं हातगाडी आणली. गेटवरच्या सोबत्यांनी सांगितलं होतं की भाजीच विकायची तर लांबच्या वस्तीत जा, जिथं कुणी ओळखत नाही. इथं कशाला लाज काढून घ्यायची?

पहिल्या दिवशी पहाटे मार्केटवरून माल आणून ते थेट आमच्याच गल्लीत शिरले. उरलेला कंपनीचा ड्रेस त्यांनी अंगात घातला होता, खिशावरच्या लाल नावासकट. गल्लीच्या तोंडाशी ते थांबले. ओरडायचं कसं, हे त्यांना येत नव्हतं. पहिल्यांदा आवाजच निघाला नाही. दुसऱ्यांदा निघाला तो चिरका.

"मेथी... पालक..."

आई ओट्यावर आली. तिनं काही शिकवलं नाही, काही धीर दिला नाही. हातातलं सूप खाली ठेवलं आणि जोरात म्हणाली, "ऐकू नाय आलं!"

पप्पांनी गाडी समोरच्या काकूंच्या दारापर्यंत ढकलली, तिथं उभी केली, छाती भरून श्वास घेतला आणि असे ओरडले की काकूंच्या शेजारच्या घरातलं पोर दचकून रडायला लागलं.